कुत्र्यांच्या नावावर

माझी मावशी जनावरांच्या दवाखान्यात कुत्री धरायची. तेच तिचं काम. डॉक्टर सुई टोचणार, जबडा उघडणार, आणि कुत्रं जागचं हलता कामा नये. भलीभली दांडगी कुत्री तिच्यापुढे गोगलगाय व्हायची. हातांवर दातांचे नि नखांचे इतके व्रण, की त्यांत नवा कुठला हे कुणी विचारतच नसे. याचा फायदा काका घ्यायचे.

काका, म्हणजे तिचे यजमान, त्याच दवाखान्याची गाडी चालवायचे. चारचौघांत तोंडात साखर, घरी हात चालायचा. काळानिळा डोळा, फाटका ओठ, सगळं मावशी कुत्र्यांच्या नावावर खपवायची, आणि आम्ही घरचे नंदीबैलासारखे माना डोलवायचो. एकदा काकांनी तिचं बोट मोडलं, तेव्हा तिने एका तांबड्या कुत्र्यावर ढकललं. दवाखान्याचा नियम असा, की धरणाऱ्याचं हाड मोडलं तर मालकाला समजावून त्या कुत्र्याला कायमचं झोपवायचं. तांबड्याला झोपवलं. त्यानंतर मावशी कितीतरी दिवस नीट जेवली नाही.

मीही तिथेच समोरच्या टेबलावर बसून नावं लिहून घ्यायची. त्या दिवशी मीटरवाले आले. जन्मभर घरोघरी विजेचे मीटर बघत कुत्र्यांपुढे पळालेला माणूस, म्हातारपणी स्वतःच कुत्रा पाळून बसला होता. कुत्राही म्हातारा. वय झालं की दात, डोळे, हृदय, सांधे, रक्त, सगळं वर्षातून एकदा बघून घ्यावं लागतं, आणि मीटरवाले ते कधी चुकवत नसत.

आदल्या संध्याकाळी मावशी दिरासमोर काकांना हसली होती. पाहुणा गेल्यावर काकांनी तिचं मनगट दाराच्या फटीत धरलं आणि दार लोटलं. मी शेजारच्याच खोलीत राहते, मला ऐकू आलं. सकाळी ती लांब बाह्यांचं पोलकं घालून कामावर हजर. रजा घे म्हटलं, तर कुत्री कोण धरणार म्हणाली.

मीटरवाल्यांच्या कुत्र्याचं हृदय ठीक निघालं, डोळे ठीक निघाले. मग डॉक्टरांनी मागची दाढ दाबली. दाढेखाली पू साठला होता. कुत्रा किंचाळला, मावशीच्या दुखऱ्या हाताची पकड सुटली आणि त्याचे सुळे तिच्या दंडात रुतले. टेबलावर रक्ताचं थारोळं. काका बाहेरून धावत आले आणि त्यांनी कुत्र्याच्या पोटात अशी लाथ घातली, की तो भिंतीवर आदळला. डॉक्टरांनी मावशीची बाही वर सारली. मनगट सुजून वाकडं झालं होतं.

हाड मोडलंय म्हटल्यावर काकांना जोरच चढला. याला आत्ताच झोपवा, नाहीतर गाडीखाली घालतो, असं ते ओरडायला लागले. मीटरवाले कुत्र्यावर ओणवे झाले होते. "दुखलं म्हणून चावला हो तो," ते म्हणाले. "मला घरात दुसरं कुणी नाही." डॉक्टरांनी मान खाली घालून सुई भरली, पण टोचण्याआधी, हे यानेच मोडलं का, असं मावशीला विचारलं, कारण हाड मोडलं होतं ते तिचं.

काकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "सांग ना गं," ते हळूच म्हणाले.

मावशीने कुत्र्याकडे पाहिलं. त्याला उठता येत नव्हतं.

"तो दंडाला चावला. मनगट काल यांनी मोडलं, दारात घालून. आणि ते बोटही यांनीच मोडलं होतं. तांबड्याने नाही."

काकांचा हात उठला. कुणाचंही भान न ठेवता, घरच्यासारखाच. मावशी टेबलाच्या कडेवर आपटली, नाकातून रक्ताची धार लागली. तो आवाज मी भिंतीपलीकडून कितीदा ऐकला होता; डोळ्यांनी बघितलं ते तेव्हाच. दुसऱ्यांदा हात उठला तेव्हा मी आणि डॉक्टरांनी मिळून काकांना खाली पाडलं. मी त्यांच्या छातीवर गुडघा रोवला आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

डॉक्टरांनी भरलेली सुई मोरीत रिकामी केली आणि पोलिसांना फोन लावला. मग ते मावशीच्या मनगटाला फळी बांधायला वळले, तर तिने हात मागे घेतला.

"आधी त्याची दाढ काढा," ती म्हणाली. "केव्हाचा सोसतोय बिचारा."