काचेला न कळणारी बोटं

"मी मेली हावो का, सर? सांगा ना! धडधडीत बसली हावो तुमच्यापुढं, अन् हे काच म्हणते, बाई नाहीच!"

केनवडच्या बाई ओरडत होत्या. ओरडता ओरडता उजव्या हाताची तर्जनी समोरच्या काचेवर अशी दाबत होत्या, की खाली दगड असता तर त्याला भोक पडलं असतं. काच ढिम्म. क्लासमधल्या बाकी तिघांची बोटं जागच्या जागी थांबली होती.

"दाबू नका, बाई," क्लासचा मालक घाईघाईनं आला. "हळू लावा हात. त्याले अंगातला करंट लागते. जिवंत बोटच ओळखते ते."

हे वाक्य त्यानं गिळलं असतं तर त्याचं भलं झालं असतं.

"म्हंजे मी मुर्दा?" बाई उभ्याच राहिल्या. "नवरा मेला, त्याचा दाखला हाय माह्याजवळ. आता माह्या मेल्याचा दाखला तुमी देता का, भाऊ?"

मी हसलो. हसायला नको होतं, पण मालकाचा चेहरा तेव्हा इतका प्रेक्षणीय झाला होता की न हसणं हाच त्याचा अपमान ठरला असता.

रिसोडला मार्केट यार्डाच्या मागे आमचा टायपिंगचा क्लास. मालकाच्या बापानं मला ठेवलं तेव्हा तिथं लोखंडी मशीन होत्या आणि मला मिशा फुटल्या नव्हत्या. माझा वेग किती होता ते सांगत नाही, कारण खरं सांगितलं की लोक उठून जातात. एवढंच सांगतो: मी टायपायला बसलो की समोरच्या दुकानातला न्हावी माझ्या ठेक्यावर कात्री चालवायचा. एकदा मला मध्येच शिंक आली आणि एका सरपंचाची अर्धी मिशी गेली. पुढची निवडणूक तो हरला, त्यात माझा काही हात नाही असं मी आजही शपथेवर सांगू शकत नाही.

मशीन गेल्या, संगणक आले. मी कुरकुरलो, पण बटनं होती, म्हणून राहिलो. बटन म्हणजे बटन. दाबलं की खाली जातं, सोडलं की वर येतं, आणि माणसाला सांगतं, की बाबा, तुझं काम झालं. माझ्या ओळखीतली निम्मी माणसं एवढंही सांगत नाहीत.

आता मालकाची बाजू. तो बिचारा बापाइतका मठ्ठ नाही, हेच त्याचं दुखणं आहे. यार्डात सोयाबीनचे ढीग पडले की त्याचं कुटार, म्हणजे भुसा, उडतं आणि आमच्या कीबोर्डात जाऊन बसतं. बटनं अडकतात, मुंग्या संसार थाटतात. एका पावसाळ्यात तर स्पेसबारखालून सोयाबीनचा कोंब वर आला. मी त्याला आठवडाभर पाणी घातलं. मालक या सगळ्याला कंटाळला आणि कुठूनसे चार लॅपटॉप घेऊन आला. वर काच, खाली काच. वरच्या काचेवर अक्षरं दिसतात, खालच्या काचेवर बटनांची चित्रं. चित्रं! भूक लागलेल्या माणसासमोर भाकरीचं चित्र ठेवावं तशी.

"काका, फडकं मारलं की साफ," तो म्हणाला. "अन् अख्खा तालुका दिवसभर काचेवरच बोटं घासून राह्यला. शेळ्या राखणारा माणूस काचेवर दोन दोन पानं लिहिते. तुमी बटनाचं कायले घेऊन बसले?"

"तो शेळ्या राखणारा काचेकडे पाहून लिहिते," मी म्हणालो. "म्हणून त्याच्या शेळ्या दुसऱ्याच्या वावरात सापडतात."

आमच्या क्लासचा एक रिवाज आहे. पहिल्या दिवशी प्रत्येकानं घरून उशीचा अभ्रा आणायचा. कीबोर्ड अभ्र्यात सरकवायचा (लोखंडी मशीनवर अभ्रा वरून पांघरायचो), दोन्ही हात मनगटापर्यंत आत घालायचे, आणि डोळे कागदावर. बोटांनी आपापलं घर आतल्या आत शोधायचं. त्यासाठी मधल्या ओळीतल्या दोन बटनांवर बारीकशी रेघ उठवलेली असते. आंधळ्याच्या काठीइतका तिचा उपयोग. चाळीस वर्षांत या अभ्र्यातून किती कारकून बाहेर पडले त्याची गणती नाही. जिल्ह्यात कुठल्याही ऑफिसात जा, जो कारकून साहेबाच्या तोंडाकडे पाहत टाइप करतो, तो आमचा.

आता काच अभ्र्यात घाला. काय सापडतं? गुळगुळीत. इकडे गुळगुळीत, तिकडे गुळगुळीत. मी स्वतः बसून पाहिलं. सवयीनं आठही बोटं घरी टेकवली आणि एका पोराला रागवायला मान वळवली. परत पाहतो तर अडीच पानं भरली होती. टेकवणं म्हणजेच टायपणं! बोटांना विसावा नाहीच. हात आपले हवेत धरून बसायचं, शेकोटीपुढं बसल्यासारखं. मी मालकाला म्हणालो, "हे यंत्र ज्यानं काढलं त्याच्या बायकोनं त्याला कधी टेकू दिलं नसेल."

पण माझी थट्टा एका जागी अडकत होती, आणि ती जागा म्हणजे केनवडच्या बाई. त्यांचा नवरा रिसोडच्याच एका सरकारी ऑफिसात शिपाई होता. तो गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर त्यांना कारकुनाची जागा मिळाली. मात्र ठरलेल्या मुदतीत टायपिंगची सरकारी परीक्षा पास व्हायची, नाहीतर जागा जाणार. एकदा बसल्या, नापास झाल्या. ही दुसरी खेप शेवटची होती. दुसरा क्लास वाशीमला, आणि ऑफिस सुटून तिथं जायला एस.टी. जुळत नव्हती.

बाईंचे हात वावरातले. नोकरी लागली तरी रविवारी घरचं वावर सुटलं नव्हतं. विळा, खुरपं, उकळलेल्या हळदीच्या कढया. बोटांची टोकं घट्टे पडून अशी झाली होती की त्यांवर काडेपेटीची काडी ओढून पेटवता आली असती. बटनाला त्याचं काही नव्हतं. बटन बोटाची जात विचारत नाही. काच विचारते. काचेला मऊ, ओलसर, दुपारी झोपणारी बोटं लागतात.

मालकानं उपाय सांगितला, बोट ओलं करा. एका झाकणात पाणी ठेवलं. बाई बोट बुडवत, एक अक्षर काढत, पुन्हा बुडवत. चार शब्द झकास आले. मग काचेवर पाण्याचा एक थेंब सांडला, आणि थेंब स्वतःच टायपायला लागला. खोटं नाही सांगत. जित्याजागत्या बाईचं बोट काचेला कळत नव्हतं, पण पाण्याच्या थेंबाला तिनं मान देऊन लिहायला बसवलं.

"त्यालेच बसवा परीक्षेले," बाई म्हणाल्या आणि पदरानं काच पुसून टाकली.

मग मी डोकं लढवलं. घरून बायकोचं टिकल्यांचं पाकीट उचललं. बायको म्हणाली, "या वयात कोणासाठी?" मी म्हणालो, "लॅपटॉपासाठी." तिनं माझ्याकडे जे पाहिलं, ते लिहिण्यासारखं नाही. काचेवर घरच्या त्या दोन बटनांच्या चित्रांवर एक एक लाल टिकली चिकटवली. बाईंनी क्षणभर टिकल्यांकडे पाहिलं, मग स्वतःच अंगठ्यानं दाबून पक्क्या केल्या. "इथं चालते," एवढंच म्हणाल्या.

आणि चाललं! बोटांची टोकं सोडून किंचित कुशीवर टेकवली तर काच ऐकत होती, आणि टिकल्यांमुळे अभ्र्याच्या आत घर सापडत होतं. तीन दिवस मी छाती काढून फिरलो. मालकाला तर मी सांगून टाकलं, की तुझ्या काचेला अखेर माझ्या बायकोच्या टिकलीनं संसाराला लावलं.

चौथ्या दिवशी बाईंनी अभ्रा चढवला, सरावाचा उतारा घेतला आणि न थांबता, न बघता सबंध उतारा काढला. मी मागं उभा राहून घड्याळ पाहत होतो. वेळेत! अभ्रा काढला, वरची काच पाहिली, तर त्यात मराठीचा एक शब्द नव्हता. सगळं भुताच्या बाराखडीसारखं.

झालं होतं असं, की सकाळच्या बॅचच्या पोरांना चित्रं बारीक वाटतात म्हणून मालकानं ती मोठी करून ठेवली होती. टिकल्या आपल्या जागी, आणि बटनं तिथून उठून शेजारी जाऊन बसलेली. लोखंडी मशीन आणि संगणक मिळून चाळीस वर्षांत मी हजार भानगडी पाहिल्या, पण बटन जागा सोडून गेल्याचं कधी ऐकलं नव्हतं.

बाई या वेळी ओरडल्या नाहीत. उतारा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, जणू त्यात कुठंतरी अर्थ असेल. मग म्हणाल्या, "पंधरा दिवस राह्यले, सर."

मी सरळ मालकाकडे गेलो. "जुने कीबोर्ड काढ."

"पोत्यात भरले, काका. भंगारवाला उद्या येऊन राह्यला."

"त्यातला एक दे. परीक्षेच्या केंद्रावर अजून बटनंच हायेत."

"अन् लावसान कशाले? जुने कम्प्युटर त कवाच गेले. या लॅपटॉपाले त्याची पिन बसत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "काका, खरं सांगू? बाईचं होत नाही हो. बटनावर बी एकदा नापासच झाल्या ना? काचेले कायले दोष देता?"

हे त्यानं बोलायला नको होतं, कारण हे मी स्वतःही एक-दोनदा मनात म्हणून पाहिलं होतं. मी त्याला त्याच्या बापापासून सुरुवात करून पार रिठदच्या सासऱ्यापर्यंत सगळं ऐकवलं. यार्डातले हमाल पोती टाकून ऐकायला आले. मालक म्हणाला, "उद्यापासून येऊ नका." मी म्हणालो, "आजपासूनच येत नाही." आणि जाताना मागच्या खोलीतून, पोत्यातला वरचा कीबोर्ड सदऱ्याखाली घातला. चोरी म्हणायचं तर म्हणा. मी त्याला सोडवणूक म्हणतो.

रविवारी केनवडची एस.टी. धरली. कंडक्टरनं माझ्या मांडीवरचं बोचकं चाचपलं. "पेटी हाय का, बुवा? भजन कुठं?"

"केनवडले," मी म्हणालो. "पंधरा दिवसाचा सप्ता हाय."

बाईंच्या घरी ओसरीत पाट टाकला, पाटावर कीबोर्ड, त्यावर अभ्रा. कीबोर्डाची वायर खाली लोंबत होती, कशालाच जोडलेली नाही. बाईंची सासू तूर निवडत बसली होती. तिनं वायर उचलून पाहिली.

"याची शेपटी त कुठंच लावली नाही. मंग हे चालते कशावर?"

"तुमच्या सुनेवर," मी म्हणालो.

बाई टायपत, मी पाठ करून बसत असे. पडदा नाही, अक्षर नाही, कागदावर काहीच उमटत नाही. पण मला लागतं काय? करंगळीचा आवाज बारीक, अंगठ्याचा जाड, अनामिका घाबरट. "करंगळी घसरली," मी भिंतीकडे पाहून म्हणे. "मधलं बोट शेजाऱ्याच्या घरात गेलं, परत बोलवा." पहिले दोन दिवस बाईंना वाटलं की मी थापा मारतोय. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम एक चूक केली. मी म्हणालो, "ही तुमची नव्हे, ही परीक्षा घेणाऱ्याची." तेव्हापासून विश्वास बसला. रोज सकाळी पहिल्या गाडीनं मी केनवडला जाई आणि बाई ऑफिसला निघत त्या एस.टी.नं परत येई. आठवडाभरात सासूचेही कान तयार झाले. तुरीतून मान वर न काढता ती म्हणे, "सूनबाई, आता खट्ट नाही आलं व. फुस्स आलं." आणि बरोबर तिथंच चूक असायची. त्या म्हातारीला मी अजून पाच दिवस दिले असते, तर तिनं क्लास काढला असता.

परीक्षेच्या केंद्रावर साधे, काळे, खट्ट वाजणारे कीबोर्ड होते. मी फाटकाबाहेर उभा होतो. बाई बाहेर आल्या आणि सरळ रसवंतीत जाऊन दोन ग्लास रस प्यायल्या. दोन्ही स्वतःच.

निकाल लागला. बाई पास झाल्या, जागा राहिली. पेढ्यांचा डबा घेऊन त्या आधी माझ्या घरी आल्या, आणि म्हणाल्या, क्लासवर चालली, तुमीबी चला. मी कशाला सोडतो? मालकासमोर उभा राहिलो आणि माझं भाषण सुरू केलं. काचेची पैदास काढली. काचेवर चेहरा पाहावा, माशी बसावी, फार तर लोणचं राखावं, पण माणसानं आपली भाकरी काचेवर थापू नये, असं सांगितलं. बटन या वस्तूला मी त्या दिवशी जवळजवळ देवळात नेऊन बसवलं. मालक पेढा खात होता. एकदाच म्हणाला, "काका, सोमवारपासून या." ते मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि शेवटचा घाव घालायला बाईंकडे वळलो.

"तुमीच सांगा यांना. तुमी आता पक्क्या कारकून. दिवसभर ऑफिसात टाइप करता. काच पाहिजे, का बटन?"

बाई डब्याचं झाकण लावत होत्या.

"ऑफिसात कोण टाइप करते, सर," त्या म्हणाल्या. "मोबाइलमंदी बोलते मी. ते लिहून घेते."