पिंपाच्या तळाचा तांदूळ

ताई निवृत्त झाली तेव्हा शाळेनं तिला एक शाल, एक श्रीफळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. मी विचारलं, "आता कुठं जायचंय तुला?" ती म्हणाली, "कोल्हापूर. आणि देवळं मोजायला नाही, खायला." चौतीस वर्षं मुलांना गणित शिकवून आणि डब्यातली पोळी-भाजी खाऊन बाईचं डोकं असं फिरलं असेल तर मी कोण अडवणारी? मधल्या थंडीतला एक शुक्रवार पकडला आणि माझ्या जुन्या गाडीतून आम्ही दोघी निघालो. भावोजींना सोबत घेतलं नाही. त्यांना तिखट चालत नाही आणि त्यांच्याशिवाय ताईला बोलायला मोकळं वाटतं.

पुण्याहून पहाटे साडेपाचला निघालात तर बाराच्या आत पोचता. साताऱ्याच्या पुढे ठिकठिकाणी काम चालू आहे, गाडी सारखी बाजूच्या रस्त्यावर उतरवावी लागते, तेव्हा कंबरेला उशी घ्या. मी घेतली नव्हती. कऱ्हाडच्या अलीकडे पोहे आणि चहा घेतला. पोहे बरे, चहा नुसता गोड.

बिंदू चौकापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर लॉज मिळाला, दोघींना दोन हजार, गरम पाणी सकाळी आठपर्यंतच. दुपारी मटणाचं ताट, पावणेचारशे, तांबडा-पांढरा रस्सा हवा तेवढा. वाढणाऱ्या माणसानं ताईची वाटी पाचव्यांदा भरली आणि म्हणाला, "लाजू नगा मावशी, हितं कोण मोजत न्हाय." ताई लाजत नव्हतीच, घाम पुसत होती. संध्याकाळी गंगावेशीत दूधकट्ट्यावर उभ्या राहिलो. म्हैस समोर उभी, तिचं दूध तुमच्यासमोर पेल्यात, फेसासकट, कोमट. मी अर्धा प्याले. ताईनं माझाही संपवला.

शनिवारी गगनबावडा. पंचावन्न-साठ किलोमीटर, रस्ता चांगला, पण उसाचा हंगाम असल्यानं ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या डुलत जातात आणि त्यांना ओलांडताना देवाचं नाव घ्यावं लागतं. वर पोचलो तेव्हा ऊन स्वच्छ होतं, खाली कोकणापर्यंत दिसत होतं. गडावर चढायचं ताईच्या गुडघ्यांना झेपलं नसतं, म्हणून घाटाच्या कठड्याशी बसून भडंग खाल्लं आणि परत फिरलो.

येताना एका गावात, ज्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये, एका घराच्या दारात पाटी दिसली. खडूनं लिहिलं होतं, 'जुना तांदूळ मिळेल'. ताईनं माझ्या दंडाला चिमटाच काढला. जुना तांदूळ म्हटलं की तिला राहवत नाही, भात मोकळा होतो म्हणते.

घरात एकट्या आजी होत्या, मुलगा-सून शेतात गेलेले, आणि मागं गोठ्यात म्हैस हंबरत होती. "या पावणं, बसा की. कुठनं आलासा?" नवा तांदूळ घरात आला होता, म्हणून जुन्याचं पिंप रिकामं करायचं चाललं होतं. सत्तर रुपये किलो. काट्यावर दहा किलो भरले, ताईनं सवयीनं घासाघीस करायला तोंड उघडलं आणि मी तिला डोळ्यांनी गप्प केलं. पैसे दिले. पिंपाच्या तळाशी दोन-अडीच किलो उरला असेल. आजींनी पिंप उचललं आणि सरळ आमच्या पिशवीत उलटं केलं.

"अहो आजी, याचे पैसे?"

"ह्याचं कसलं पैसं? लांबनं आलाईसा, तळाचा बी घेऊन जावा. आमच्यात वर घातल्याबिगार देत न्हाईत."

पुण्यात असं कुणी केलं असतं तर मी पिशवी उघडून बघितली असती. इथं बघितली नाही.

रविवारी सकाळी निघायच्या आधी ताईनं लॉजच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून वाटणी सुरू केली, अर्धा तिचा, अर्धा माझा. चौथ्या ओंजळीत तिच्या हाताला काहीतरी लागलं. धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी, सुतळीनं बांधलेली. आत पाचशेच्या, शंभराच्या नोटा, घट्ट गुंडाळलेल्या. अकरा हजार चारशे. आणि वर्तमानपत्रातून कापलेली एक जाहिरात, पिको-फॉल करायच्या मशीनची, घड्या पडून पडून मधे फाटलेली.

आम्ही दोघी त्या जाहिरातीकडेच बघत बसलो.

आता खोटं कशाला बोलू? पैसे ठेवून घ्यावेत असं मनात आलं नाही, पण परत शंभरेक किलोमीटर जाऊन यायचं, मग पुणं, आणि सोमवारी माझं ऑफिस, हा हिशेब मात्र लगेच आला. मी म्हटलं, "आपल्याकडे त्यांचा फोन नंबर पण नाही. देवीच्या पेटीत टाकू या का?"

"देवीनं मागितलेत?" ताई म्हणाली. तिचा तो वर्गातला आवाज. मी गाडीची किल्ली घेतली.

पण वाटेत खरी पंचाईत तिनंच काढली. "आजीच्या हातात द्यायचे नाहीत हं. आजीचे असते तर तिनं पिंप उलटं केलं असतं का? हे सुनेचे आहेत. आणि तांदळात ठेवलेत म्हणजे घरात कुणाला सांगितलेले नाहीत. आपण दारात जाऊन 'हे घ्या तुमचे पैसे' म्हटलं, की त्या पोरीचं मशीन गेलंच म्हणून समज."

मी म्हटलं, "पैसे परत करायला पण चोरासारखं जायचं का?"

"जायचं," ती म्हणाली.

पोचलो तर आजी घराबाहेर, अगदी रस्त्याच्या कडेलाच उभ्या. आम्हाला बघून पदर तोंडाला लावला. अंगणात त्यांचा मुलगा मोटरसायकल धूत होता. दारात सून, तिशीची असेल, डोळे सुजलेले. आणि ते पिंप अंगणात उन्हात आडवं पडलेलं.

गाडीचा पुण्याचा नंबर बघून मुलगा म्हणाला, "काल न्हेलासा की तांदूळ! एका रात्रीत संपिवला व्हय?"

ताई, जिनं आयुष्यात कधी खोटा दाखला दिला नाही, ती शांतपणे म्हणाली, "म्हैस बघायची राहिली."

"म्हशीसाठनं परत आलासा?" तो इतका हसला की हातातलं फडकं पडलं. "पुण्याची माणसं म्हंजे..."

"हसतोस काय? आलीत तर बघू देत की," आजी एकदम ओरडल्या. "जा गं, दाव त्यास्नी म्हैस. आन् तू गाडी धू."

गोठा मागच्या बाजूला होता. म्हशीनं आमच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. ताईनं पर्समधून ती दुधाची पिशवी काढून सुनेच्या हातात दिली. ती बाई गव्हाणीला टेकून खालीच बसली. रडली नाही, नुसती दोन्ही हातांनी पिशवी दाबून बसली.

"काल शेतातनं आलो आन् पिंप रिकामं," ती म्हणाली. कोल्हापुरात बायकाही 'मी आलो' म्हणतात, ऐकायला झकास वाटतं. "जेवलो न्हाय, झोपलो न्हाय. विचारू तर कुणाला? ह्यांच्या कानावर गेलं की पैसं दुसऱ्याच कामाला लागत्यात. आत्यांस्नी बी ठाव न्हाय." आत्या म्हणजे सासू.

ताई म्हणाली, "मोजून घे."

"मोजायचं काय त्यात? परत आलासा न्हवं?"

तिनं पिशवी पोलक्यात सरकवली, तोंडावर पाणी मारलं आणि आम्हाला चहा करायला आत गेली. चहा मस्त होता, कऱ्हाडपेक्षा शंभरपट.

निघताना आजी गाडीपर्यंत आल्या. खिडकीतून हात घालून माझं मनगट धरलं, हात गारठलेला. मागं वळून बघितलं, सून दारात नव्हती. मग हळू आवाजात म्हणाल्या, "घावलं न्हवं तिचं तिला?"

मी हो म्हटलं.

"काल तिनं पिंप बघितलं आन् तिचं तोंड बघून मला कळलं मी काय केलं ते. बोलू कुणाला? ल्योक घरात. सकाळधरनं रस्त्यावर हुबा हाय मी. पुण्याच्या समद्या गाड्यांत डोकावून बघितलं." मग मनगट सोडलं. "मला ठाव हाय, हे तिला सांगू नगासा. तिचं तिच्यापाशी ऱ्हाऊ दे."

गाडी सुरू करायला मला थोडा वेळ लागला. चष्मा पुसावा लागला, बाकी काही नाही.

कोल्हापूर ओलांडून हायवेला लागलो. मग मी विचारलं, "ताई, सुनेचे आहेत हे तुला इतकं पक्कं कसं कळलं?"

ती बाहेरचा ऊस बघत होती. "माझा साबुदाण्याचा डबा होता," म्हणाली. "पगार सासूबाईंच्या हातात जायचा ना. शिकवण्यांचे तेवढे डब्यात."

तीस वर्षं मी तिच्या घरी उपासाला साबुदाण्याची खिचडी खातेय.

काही वाचक पत्ता विचारतील, कारण तांदूळ खरोखरच उत्तम आहे, शीत न् शीत सुटं. सांगणार नाही. त्या रस्त्यानं गेलात आणि अशी पाटी दिसली तर घ्या, आणि घरी आल्यावर पिशवीत तळापर्यंत हात घालून बघा.

रात्री आठला ताईच्या घरी तिचा वाटा पोचवला. भावोजींनी दार उघडलं, "काय आणलंत कोल्हापूरहून?" ताई म्हणाली, "तांदूळ." स्वयंपाकघरात जाऊन तिनं पिशवी फळीवर ठेवली, साबुदाण्याच्या डब्याला लागून. भावोजींनी पुढं होऊन तो डबा जरा बाजूला सरकवला, अगदी अलगद, झाकण न हलवता, आणि माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.