मधुकाका आणि जहाज

वर्ध्याजवळच्या आमच्या आंजी गावात कोणी गाडी घेऊन आलं की मधुकाकांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "किती जोरात आला?" तब्येत, पाऊसपाणी, लेकरंबाळं हे सगळं नंतर. एकदा माझे मामा लुनावरून आले. मधुकाका चाकांच्या खुर्चीत दारासमोर बसले होते. "लुनानं आले काय जी? मंग कालच निघाले असान," ते म्हणाले. मामांना राग आला, पण खुर्चीतल्या त्या निर्जीव पायांकडे नजर गेली आणि त्यांनी तो गिळून टाकला. मधुकाकांना नेमकं हेच आवडत नसे. "चिडा ना जी! धडधाकट माणसावर चिडता तसे चिडा."

ते आमचे सख्खे काका नव्हते. आमच्या घराला लागून त्यांचं घर, मधली भिंत एक. तरुणपणी ते शंकरपटातले, म्हणजे बैलांच्या शर्यतीतले, नावाजलेले धुरकरी होते, छकडा हाकणारे. पटाच्या हलक्या छकड्यावर उकिडवं बसून बैलजोडी अशी सोडायचे की बघणाऱ्यांना नुसता धुराळा दिसे. नव्वदच्या सुमारास एका पटात छकड्याचं चाक दगडावर चढलं. मधुकाका उडाले, कमरेवर पडले आणि कमरेखालचं सगळं तिथंच संपलं. त्यांचे मोठे भाऊ नामदेवकाका धाव संपते तिथं उभे होते. त्यांनी ते पडणं समोरून पाहिलं. त्यानंतर पटाची जोडी घरात राहिली नाही आणि नामदेवकाकांच्या तोंडी एकच शब्द राहिला, "सावकाश."

सकाळी अंघोळ घालताना सावकाश. खुर्ची उंबऱ्यावरून उतरवताना सावकाश. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून झोपेतून उठून ते भावाला कुशीवर वळवत, तेही सावकाश. इतकी सेवा मी दुसऱ्या कोणाची पाहिली नाही. मधुकाकाही ते जाणून होते. पण कधी कधी वैतागून म्हणत, "दादा, मी मातीचं मडकं नाई रे. फुटाचं होतं थे फुटलं."

माझ्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. घरी अभ्यासाला बसलो की कोणी ना कोणी कामाला उठवायचं. म्हणून मधुकाका भिंतीपलीकडून हाक मारत, "बाबू, पुस्तक घेऊन ये. मोठ्यानं वाच. मले करमत नाई." मी त्यांना इतिहास वाचून दाखवला, भूगोल वाचला, पुढं वर्ध्याच्या कॉलेजातलं अर्थशास्त्रही. त्यांना त्यातलं सगळं कळत होतं असं नाही. पण मी अडखळलो की ते लगेच म्हणायचे, "तुलेच समजलं नाई वाटते. पुन्हा वाच." मी पदवीधर झालो त्यात या वाक्याचा वाटा फार मोठा आहे.

वर्ध्याला नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन गेलो आणि विचारलं, "काका, तुमच्यासाठी काय आणू?"

"आणू नोको. ने."

"कुठं?"

नागपूरच्या बाहेर नवीन पार्क झाला होता. टीव्हीवर त्याची जाहिरात लागे. त्यात एक भलंमोठं जहाज झोक्यासारखं वर जायचं आणि खाली यायचं. "त्या जहाजात बसाचं हाय," मधुकाका म्हणाले. "धा-बारा वर्सं झाले, माह्या तोंडावर वारा नाई लागला रे. पंख्याचा सोडून."

नामदेवकाका आधी नाही म्हणाले, पण निघायच्या दिवशी सगळ्यांच्या आधी भाड्याच्या जीपमध्ये जाऊन बसले.

जहाजापाशी चालवणाऱ्या मुलानं अडवलं. "चेअरवाले को नहीं बिठा सकते, अंकल. रूल है."

"या जहाजात मले बसाचं हाय का थे चालवाचं हाय?" मधुकाकांनी विचारलं.

"बैठने का."

"मंग बसाले पाय कायले लागते? पकडाले हात लागते. हे पाह्य." त्यांनी तळहात पुढं केले. चाकं ढकलून ढकलून ते तळहात दगडासारखे झाले होते. मुलगा हसला. मी म्हणालो, जबाबदारी माझी, मी शेजारी बसतो. शेवटी तो कबूल झाला.

आम्ही त्यांना उचलून कडेच्या जागेवर बसवलं. नामदेवकाकांनी आपला दुपट्टा काढून त्यांच्या कमरेभोवती आणि सीटच्या पाठीला घट्ट बांधला. गाठ ओढून पाहिली. पुन्हा ओढून पाहिली. "दादा, उतर आता. नाई त तूबी येशील आमच्यासंग," मधुकाका म्हणाले. नामदेवकाका खाली जाऊन कठड्याला धरून उभे राहिले.

जहाज हललं. आधी हळू, मग जोरात. मी एका हातानं सीटसमोरचा दांडा धरला होता आणि दुसऱ्या हातानं मधुकाकांना. त्यांनी दांडा सोडून दिला होता. अंग पुढं झोकून, हनुवटी वर करून ते वाऱ्यात तोंड धरून बसले होते. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. जहाज आणखी वर गेलं आणि त्यांच्या तोंडून पटातली आरोळी निघाली, "हाऽऽन! हाऽऽन!" त्याच क्षणी त्यांचे पाय, ज्यांच्यावर त्यांचा ताबा नव्हता, वर उसळले.

खालून नामदेवकाका ओरडले, "थांबवा! पडला! माहा भाऊ पडला!" ते कठडा ओलांडून आत धावले. मुलगा घाबरला, त्यानं मशीन बंद केलं. जहाज झुलत झुलत थांबलं.

"काऊन थांबवलं बे?" मधुकाका ओरडले. "चालू कर! आता त सुरू झालं होतं!"

पण मुलगा हात जोडत होता. "नहीं अंकल. मेरी नौकरी जाएगी." मी विनवलं, पोराला बाजूला नेऊन समजावलं, काही उपयोग झाला नाही. शिकून, नोकरी लागूनही मी एवढीशी गोष्ट त्यांना मिळवून देऊ शकत नव्हतो.

खुर्चीत बसवल्यावर मधुकाकांनी जहाजाची पुढची फेरी पाहिली. मग भावाला म्हणाले, "दादा, आता तू बसून ये."

"मी? मी नाई."

"बस म्हनलं ना. बाबू, घेऊन जा त्याले."

नामदेवकाका बसले. सबंध फेरी त्यांनी डोळे मिटून माझा दंड धरून ठेवला होता. वरून मला मधुकाका दिसत होते. जहाजाबरोबर त्यांची मान इकडून तिकडं फिरत होती. उतरल्यावर नामदेवकाका कठड्यापाशी ओकले. तोंड पुसून भावासमोर येऊन उभे राहिले.

"कसं वाटलं?" मधुकाकांनी विचारलं.

"भेव वाटलं."

"मले नाई वाटलं. थेच सांगून राह्यलो, दादा. पडल्यापासून मले कोनी इचारलंच नाई, भेव वाटते का म्हनून. तुमी सगळ्यायनं आपलंच भेव मले लावून देलं."

नामदेवकाकांनी मान खाली घातली. मधुकाकांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "चाल, तुले सोडा पाजतो. चेहरा पाह्य कसा झाला तुहा."

आम्ही पुन्हा जाऊ असं परतताना ठरलं होतं. पण पुढच्या वर्षी, इतकं जपूनही, पाठीला जखम झालीच. ती चिघळली, ताप उतरेना. मी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा मधुकाका गेले होते. नामदेवकाका व्हरांड्यात बाकावर बसले होते, भावाचे कपडे मांडीवर घेऊन. मी शेजारी बसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"बाबू," ते म्हणाले, "थो पडत नव्हता ना रे त्या दिवशी?"

"नव्हते पडत काका. मी धरलं होतं. दुपट्टाही होता."

"हाव. गाठ मीच मारली होती." थोडा वेळ ते कपड्यांची घडी नीट करत राहिले. "अजून जराकसं झुलू द्याले पायजे होतं त्याले."