आधीच ठरवलेली आरोपी

पोलिसांतल्या नोकरीत बरीच प्रकरणं हाताळली, पण मुळशीतलं ते एक प्रकरण अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे. हाताखालच्या अधिकाऱ्याचा इतका अभिमान मला क्वचितच वाटला.

खबर शाळेतल्या बाईंनी दिली. कासार आंबोलीजवळच्या एका वस्तीवरची मुलगी, तिसरीतली. पाठीवर वळ, आणि काही विचारलं की गप्प. घरी सावत्र आई. बाप ट्रक घेऊन बाहेरगावी. मायलेकी चुलत्याच्या घरात राहायच्या. चुलता गावातला वजनदार माणूस. तो आपण होऊन ठाण्यात आला आणि सांगून गेला, "साहेब, तिच्या पोटची थोडीच हाय पोर? तीच मारती." गावही तेच म्हणत होतं, आणि अटक कधी करताय म्हणून मला फोन सुरू झाले.

तपास आमच्या महिला उपनिरीक्षकाकडे होता. हुशार आणि कडक पोरगी. सावत्र आईची चौकशी अर्ध्यावर सोडून ती माझ्या केबिनमध्ये आली, दार लावलं.

"सर, हा तपास माझ्याकडून काढून घ्या. मी सावत्र आईचा मार खात वाढलेय. ही बाई खरं बोलली तरी मला खोटंच वाटणार."

आरोपीकडून कबुली आम्ही रोज घेतो. वर्दीतल्या माणसानं स्वतःबद्दल असं कबूल करायला मात्र छाती लागते, आणि ती या पोरीकडे होती.

मी दुसऱ्या महिला अधिकाऱ्याला साध्या कपड्यांत शाळेत पाठवलं. 'आई मारते का' असं विचारायचंच नाही, अशी ताकीद दिली. ती मुलीजवळ बसली आणि घरी दिवस कसा जातो ते ऐकत राहिली. बऱ्याच वेळानं पोर म्हणाली, "काका दारू पिऊन मारत्यात. आई मधी पडती, म्हून तिला बी लागतं."

वैद्यकीय तपासणीत बाईच्या दंडावरही वळ निघाले. आधी का बोलली नाहीस, असं विचारल्यावर म्हणाली, नवरा बाहेर, आसरा त्याच घराचा, आणि सावत्र आईचं ऐकणार कोण? मग शेजारणीनंही तोंड उघडलं. चुलत्याचा सगळा रुबाब कोठडीत उतरला.

लहान मुलांच्या प्रकरणात तपास करणारा आपलं बालपण बरोबर घेऊनच येतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण ते वेळीच ओळखावं लागतं. पुढे अशा प्रत्येक प्रकरणात मी आधी सगळ्यांना विचारायचो, मनात कोणाला दोषी ठरवून बसला आहात? सुरुवात माझ्यापासून करायचो.

बालकल्याण समितीनं मुलीला आईकडेच ठेवलं. बापानं पौडला खोली घेतली. तिथं त्यांना सोडायला उपनिरीक्षक स्वतः निघाली, मीही जीपमध्ये बसलो. दारात तिनं बाईला सरळ सांगितलं, "मी तुम्हालाच गुन्हेगार धरलं होतं."

बाईनं मुलीचं दप्तर खाली ठेवलं.

"समद्यांनीच धरलं व्हतं, ताई. तुमी तेवढ्या थांबलात."