टेक्लाबाईंचा सहाशे तेरावा कागद

टेक्ला नूरबीच्या घरात शिरलं की डाव्या हाताला गावचं टेलिफोन एक्स्चेंज आणि उजव्या हाताला कपाटात सहाशे बारा वाळलेली फुलं. मधे उरेल तेवढ्या जागेत टेक्ला राहायची. वय चोपन्न, लग्न नाही, पाठ ताठ. कानाला यंत्र लावून ती गावाला एकमेकांशी जोडून द्यायची, आणि सुट्टी मिळाली की खांद्याला पत्र्याचा डबा अडकवून रानात जायची. आणलेलं फूल वर्तमानपत्रात पसरायचं, वर फळी, फळीवर दगड, आणि ओले झालेले कागद रोज बदलायचे. पूर्ण वाळलं की जाड कागदावर चिकटवायचं आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावायची: फुलाचं नाव, जागा, तारीख. शोधणारी, टेक्ला नूरबी.

हे शेवटचे शब्द लिहायला ती जरा जास्तच वेळ घ्यायची. त्याला कारण होतं. तिच्या लहानपणी मोठ्या शाळेतल्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत फुलं जमवून, वाळवून न्यावी लागत. भाऊ व्हेर्नर त्या शाळेत होता, टेक्ला नव्हती. व्हेर्नर सगळा उन्हाळा तळ्याकाठी गळ टाकून बसला. टेक्लाने चिखल तुडवून दीडशे फुलं आणली, वाळवली, आणि वडिलांनी दीडशे चिठ्ठ्यांवर तिच्याच हातून लिहून घेतलं: शोधणारा, व्हेर्नर नूरबी. बक्षीसही त्यालाच मिळालं. "मुलीच्या जातीला काय करायचंय नाव?" वडील म्हणाले होते. भाऊ पुढे पाद्री झाला, केस पिकले, पण अजूनही तो आला की टेक्ला त्याला कॉफी कोमटच द्यायची.

तशीच कोमट कॉफी गावात आणखी एकीला मिळायची. ती म्हणजे दुकानदाराची नवी बायको, गेर्डा बेरग्लोफ. या बयेला फुलांचा नाद लागून पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. कपड्यांच्या इस्त्रीने फुलं वाळवायची, पिठाच्या खळीने चिकटवायची, नावं चुकली तर खो खो हसायची. आणि तिच्या त्या वेड्यावाकड्या वहीचं गावात कौतुक! टेक्लाच्या पोटात दुखायचं ते तिथे.

टेक्लाच्या कपाटात सहाशे तेरावा कागद कोराच होता. त्यावर चिठ्ठी मात्र आधीच लावलेली: रानबाई. शोधणारी, टेक्ला नूरबी. जागा आणि तारीख तेवढी भरायची राहिली होती. रानबाईला पानं नाहीत, हिरवा रंग नाही. दाट सूचीपर्णी रानात, ओल्या शेवाळातून ती फिकट, मेणासारखी वर येते, आठवडाभर राहते आणि मग कधीकधी वीस-वीस वर्षं तोंड दाखवत नाही. टेक्ला तेवीस उन्हाळे तिला शोधत होती.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी गेर्डाने शहरातल्या आईला फोन लावला. टेक्लाने जोडून दिला. कानावरचं यंत्र तेवढं काढायचं राहिलं.

"आई, हसशील अगदी! रानातली फळं गोळा करायला गेले होते. जोराची लागली म्हणून झाडामागे बसले, तर नाकासमोर तीन रानबाया! टेक्लाबाई सांगतात ना, तीच! पायाला मुंग्या आल्या तरी मी आपली तशीच बसलेली!"

टेक्लाच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण तेवीस वर्षं गुडघे झिजवले, आणि ही मुतायला बसते तर हिला दर्शन! आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात, पण म्हणून इतक्या राखायच्या?

संध्याकाळी गेर्डा दारात हजर. हातात डबा, डब्यात शेवाळ, शेवाळात ते फूल.

"टेक्लाबाई, एकच तोडलंय हो. याला इस्त्री लावायला जीव होईना. तुम्ही वाळवून द्याल? तुमच्यासारखं कुणाला जमतंय?"

"कुठे मिळालं?"

"जळक्या गिरणीच्या मागे, ओढ्याकाठी. अजून दोन आहेत. उद्या येताय? दाखवते."

"उद्या मला काम आहे."

काम दुपारपर्यंतच होतं. पण हिचं बोट धरून रानबाई बघायला जायचं? त्यापेक्षा न बघितलेली बरी.

असल्या रसरशीत फुलाचे कागद सकाळ-संध्याकाळ बदलावे लागतात. टेक्लाने ते सवयीने नीट पसरलं, वर दगड ठेवला. सकाळी दगडाकडे पाहिलं आणि कॉफी टाकायला गेली. संध्याकाळी पाहिलं आणि भांडी घासायला घेतली. असे चार दिवस गेले. 'मी कुठे काय केलं?' असं ती मनाशी म्हणत होती. खरंच, तिने काहीच केलं नव्हतं.

पाचव्या दिवशी वास आला. तिने फळी उचलली. फूल काळं पडून लोण्याच्या जाहिरातीला चिकटलं होतं. क्षणभर तिला बरं वाटलं. मग लक्षात आलं, आपण ते धड पाहिलंसुद्धा नाही. जन्मभर जिची वाट पाहिली ती घरी चालत आली, आणि आपण त्या डब्यात फक्त गेर्डाचं नशीब पाहिलं. दैव देतं आणि कर्म नेतं. टेक्ला खुर्चीत बसून हमसून हमसून रडली.

फूल गेलं, एवढंच तिने गेर्डाला जाऊन सांगितलं. "काळं पडलं?" गेर्डा म्हणाली. "जाऊ द्या हो! तुम्ही इतकं जपलंत तरी गेलं, मग माझ्या हातून काय राहणार होतं? चला, ती दोन तरी बघून येऊ."

या वेळी टेक्ला मुकाट्याने मागोमाग गेली. ओढ्याकाठी गोगलगाईंनी खाऊन टाकलेले दोन बोटभर देठ उरले होते.

पुढच्या रविवारी टेक्लाने गेर्डाला कॉफीला बोलावलं. टेबलावर सहाशे तेरावा कागद होता. त्यावर तो काळा डाग, खालच्या जाहिरातीसकट, आणि जुनी चिठ्ठी खरवडून लावलेली नवी चिठ्ठी. गेर्डा मोठ्याने वाचू लागली.

"रानबाई. जळक्या गिरणीमागे, ओढ्याकाठी. अकरा ऑगस्ट एकोणीसशे छत्तीस. शोधणारी, गेर्डा बेरग्लोफ. वाळवणारी, टेक्ला नूरबी. कागद मुद्दाम बदलले नाहीत."

शेवटची ओळ तिने पुन्हा वाचली, या वेळी मनात.

"किती वेळा?" तिने विचारलं.

"आठ."

एक्स्चेंजची घंटा वाजू लागली. टेक्ला उठली नाही. घंटा बराच वेळ वाजून थांबली. गेर्डाने कागद अलगद बाजूला ठेवला आणि आपला कप टेक्लापुढे सरकवला.

"दोन वर्षं कोमट पितेय मी," ती म्हणाली. "आता तरी गरम करून आणा."