परण्याला लाल गाडी

२८ मे २००४, शुक्रवार. सकाळपासून कडक ऊन, दुपारी धुळीचा वारा, संध्याकाळी ढग आले आणि न पडता गेले.

रांजणगावच्या आमच्या कारखान्यात किस्से कसे साठतात ते सांगतो. जेवणाच्या सुट्टीत एक जण सांगतो, दुसरा त्यात पदरचं घालतो, आणि शिफ्ट सुटेपर्यंत तोच किस्सा पेंट शॉपमधून नवे कपडे घालून परत येतो. आज मशीन शॉपमधल्या बापू कोळेकरच्या भावाच्या लग्नाचा अल्बम कँटीनमध्ये हातोहात फिरला, तेव्हा लाल गाडीचे सगळे किस्से पुन्हा निघाले. ज्यांना मी स्वतः हजर होतो तेवढेच लिहितो.

विलासराव आमचे क्वालिटीचे मॅनेजर. शिरूरला माझ्याच गल्लीत राहतात. कंपनीतला एक परदेशी इंजिनियर मायदेशी परत गेला, तेव्हा त्याची दोन सीटची, टप मागं दुमडणारी लाल गाडी त्यांनी घेतली. इंजिन लहान, पण मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत फिरतं. सहा हजारांच्या खाली मात्र त्यात दम नाही.

माझ्याकडं डिझेल जीप. रोज सकाळी शिरूरहून कंपनीत येणारी मंडळी तिच्यातूनच यायची. शिवाय एक मान होता. आमच्या मशीन शॉपमधल्या कुणाच्याही घरी मुलाचं लग्न निघालं, की नवरदेवाचा परण्या, म्हणजे लग्नाआधी मारुतीला वाजतगाजत जायची मिरवणूक, माझ्या जीपमधून निघायचा. घरातलं वडीलधारं माणूस सगळ्यांसमोर मला फेटा बांधायचं. लाल गाडी गल्लीत शिरली त्या दिवशी मला पहिली आठवण त्या फेट्याची झाली.

* * *

पहिला फुटला तो सलीमभाई. स्टोअरचे सलीमभाई आजोबांच्या काळापासून शिरूरचे, आणि जीपमध्ये माझ्या शेजारची सीट त्यांची. एका सोमवारी ते जीपजवळ येऊन म्हणाले, “आप्पा, आज जरा विलाससाहेबांबरोबर जातो. बघून तर येतो.”

मी कंपनीत पोचून चहा प्यायलो तरी त्यांचा पत्ता नाही. शेवटी गेटमधून चालत आले. गाडी इतकी खाली, की दोघं बसले की स्पीडब्रेकरला पोट घासायचं. म्हणून प्रत्येक स्पीडब्रेकरला विलासराव त्यांना उतरवायचे, गाडी पलीकडं न्यायचे आणि पुन्हा बसवायचे. गेटच्या स्पीडब्रेकरनंतर सलीमभाईंनी बसायचंच सोडून दिलं.

“काय मग, कशी वाटली गाडी?” मी विचारलं.

“आप्पा, गाडी एक नंबर. मी चालत आलो म्हणून मला तब्येतीनं बघता आली.”

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा लाल गाडीतच गेले. माझ्या शेजारच्या सीटवर मी डबा ठेवला.

* * *

मार्केट यार्डाच्या रस्त्याला कांद्याच्या ट्रॅक्टरमागं अडकणं आम्हाला नवीन नाही. जीप दुसऱ्या गिअरमध्ये टाकायची आणि गप्पा मारायच्या. विलासरावांना तसं जमत नव्हतं. रेस कमी केली की गाडी आचके द्यायची. म्हणून ते पहिल्या गिअरमध्ये इंजिन ओरडत ठेवून ट्रॅक्टरच्या चालीनं चालले होते. मी त्यांच्या मागं होतो.

ट्रॅक्टरवाल्याला वाटलं, मागचा माणूस तापलाय. त्यानं ट्रॉली पार साइडपट्टीला घेतली, खाली उतरला आणि हात जोडले. “साहेब, एवढं चिडू नका. घ्या म्होरं.”

विलासराव ओशाळले. त्याला काहीतरी बोलावं म्हणून त्यांचा पाय रेसवरून निघाला, आणि गाडी बंद पडली. चालू करेपर्यंत ट्रॅक्टर पुढं निघून गेला होता. त्याच्या मागून मीही गेलो. जाताना हात केला. हात करण्यात मला जेवढा आनंद झाला तेवढा होऊ नये, पण झाला.

* * *

आमच्या मंडळींनी जीपबद्दल आजवर बरं-वाईट काही काढलं नव्हतं. एका रविवारी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “विलासभावजींच्या गाडीत बसायला बरंच खाली वाकावं लागतं, नाही?”

“तुला काय माहीत?”

“बाजारातून येताना त्यांनी सोडलं. पिशव्या जड होत्या.”

“त्या गाडीत पिशव्या ठेवायला जागा कुठं आहे?”

“मांडीवर घेतल्या.”

माझ्या जीपमध्ये मागं अख्खा बाजार मावतो. त्या आपण होऊन म्हणाल्या, “वारा किती छान लागतो.” जीपला तर दारंच नाहीत.

* * *

एकदा विलासरावांनी मला किल्ली दिली. “आप्पा, नगर रोडला एक चक्कर मारून बघा.” ते शेजारी बसले.

मी जीपच्या सवयीनं लगेच तिसरा टाकला. गाडी थरथरायला लागली. “दाबा आप्पा, दाबा. ओरडू द्या तिला.” मी गिअर उतरवला आणि दाबलं. सहा हजारांच्या वर काटा गेला, तेव्हा आवाजच बदलला. कुणीतरी मागून ढकलावं तशी पाठ सीटला चिकटली.

परत आल्यावर सलीमभाईंनी विचारलं, “कशी हाय?”

“रोजच्या वापराला डिझेल बरं,” मी म्हणालो.

पुढं आठवडाभर जीप चालवताना माझा पाय आपोआप खाली जात होता. जीपला काही फरक पडला नाही.

* * *

मग बापूच्या भावाचं, दत्ताचं लग्न ठरलं. कोळेकर मंडळी कारेगावची, मुलगी दौंडजवळच्या गावातली, लग्न तिकडंच. बापू माझ्याकडं आला तेव्हा त्याची मान खाली होती. “आप्पा, दत्ता म्हनतोय परण्या लाल गाडीतनं काढायचा. तुमची जीप मागं असूंद्या. करवली बसंल.”

करवली म्हणजे नवरदेवाची बहीण सुनंदा. तिचा मान नवरदेवाच्या शेजारी बसायचा. पण सीटा दोन, त्यातली एक विलासरावांची. ही गोष्ट गाडी दारात उभी राहीपर्यंत कुणाच्या ध्यानात आली नव्हती. वऱ्हाड उतरलं होतं त्या जानवसघरापुढं बापूच्या वडिलांनी, आबांनी, विलासरावांना फेटा बांधला. सुनंदा हातातला दिवा सांभाळत माझ्या शेजारी येऊन बसली.

“आप्पा, ती गाडी बंद पडती म्हनत्यात. खरं हाय का?”

“पडते कधी कधी.”

“मग आज पडू द्या की.”

परण्या चालतो पायी माणसाच्या निम्म्या चालीनं. चार पावलं पुढं, मग नाच. देवळाकडचा रस्ता चढाचा. विलासराव इंजिनचा आवाज ऐकून क्लच सोडायचे, आणि पुढं बँड. त्या बँडमध्ये त्यांना स्वतःचं इंजिन ऐकू येईना. अंदाजानं रेस देत, अर्धा क्लच दाबून त्यांनी गाडी निम्म्या चढापर्यंत नेली. मग जळका वास आला, बॉनेटमधून धूर निघाला आणि गाडी जी थांबली ती थांबलीच.

बँडही थांबला. पुढं मारुतीच्या देवळात वधूकडची मंडळी ताट घेऊन उभी होती.

“दत्ता, उतर. जीपमधी बस,” आबा म्हणाले.

दत्ता म्हणाला, “म्या न्हाई उतरायचा.”

मग मी जीप पुढं घेतली. बापूनं दोर बांधला. सुनंदा म्हणाली, “बघा, करवलीच म्होरं.” फोटोग्राफरला आयती जागा मिळाली. तो जीपच्या मागच्या फळीवर, लाल गाडीकडं तोंड करून बसला. बँड सुरू झाला.

सलीमभाई जीपच्या कडेनं चालत होते. त्यांनी आबांना मोठ्यानं विचारलं, “आबा, आता नवरदेवाचा ड्रायव्हर कोन? फेटा कुनाचा?”

आबांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा मागं बघितलं. “बांधल्याला फेटा वाटंत सोडत न्हाईत,” ते म्हणाले.

पहिल्या गिअरमध्ये, रेसला पाय न लावता, मी परण्या मारुतीपर्यंत नेला.

आज अल्बम माझ्या हातात शेवटी आला. परण्याच्या सगळ्या फोटोंत लाल गाडी आहे. दत्ता हसतोय. विलासराव फेटा बांधून स्टिअरिंग धरून बसलेत. दोन फोटोंत दोर दिसतो. जीप एकाही फोटोत नाही.