दाजींची हरणवाट

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी परंड्याकडं एका नव्या रस्त्याच्या मोजणीवर होतो. ऐकल्यावर पहिला विचार मनात आला तो हा, की आता आपल्या रस्त्यांशी भांडणारं घरचं माणूस राहिलं नाही... दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, येडशीचे निवृत्त मास्तर. मी ठेकेदाराकडं इंजिनीअर. त्यांच्या शेताला लागून चौपदरी रस्ता करायचं काम माझ्याकडं आलं आणि त्याला विरोध करायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. दिवसभर माझ्या गाडीपुढं घोषणा द्यायच्या आणि संध्याकाळी, ‘पाव्हणं, घसा बसलाय, च्या प्यायला या,’ म्हणून मलाच बोलवायचं. अक्का दोघांनाही शिव्या घालत चहा टाकायची.

दाजींचं म्हणणं साधं होतं. रामलिंगच्या जंगलातली हरणं उन्हाळ्यात पाण्यासाठी ओढ्यावर उतरतात, आणि आमचा रस्ता नेमका त्यांच्या वाटेत आडवा पडत होता. नकाशात तिथं होती रस्त्याखालून पाणी जाण्यापुरती एक पाइपाची मोरी. दाजींना हवी होती जनावराला मान वर करून जाता येईल अशी उंच, रुंद भुयारी वाट. मी वर सांगून थकलो होतो. मोठे साहेब नुसते हसायचे.

मग रास्ता रोको ठरला. तारीख पुण्याच्या पर्यावरणवाल्या मित्रांनी काढली, दाजींनी भिडेपोटी मान डोलावली, आणि ती निघाली नेमकी येळवशीची! मार्गशीर्षातल्या या अमावास्येला आमच्याकडं अख्खं गाव रानात जेवायला जातं. घोषणा द्यायला माणूस नाही, अडवायला गाडी नाही, माझा एकही मजूर कामावर नाही. रिकाम्या रस्त्याच्या एका कडेला दाजी आणि पुण्याची मंडळी, दुसऱ्या कडेला मी आणि साहेब. शेवटी दाजींनाच हसू फुटलं. ‘चला, आधी जेवू. येळवशीला आमच्या बांधावरनं कुणी उपाशी जात न्हाय.’

कडब्याच्या खोपीपुढं सगळे एकाच पंगतीला बसलो. डाळी-पालेभाज्यांची घट्ट भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, ताकातली आंबील. साहेब विदर्भातले, त्यांना आंबील एवढी आवडली की वाढता वाढता अक्का दमली. जेवणानंतर दाजींनी शतपावली म्हणून सगळ्यांना ओढ्याकडं नेलं. तिथं जुन्या रस्त्याची मोरी होती, नकाशातल्याएवढीच. ‘पाव्हणं, तुमी आता हरीण व्हा,’ दाजी म्हणाले. नोकरीत माणसाला काय काय व्हावं लागतं! मी वाकून आत शिरलो आणि उंड्यांनी भरलेल्या पोटासकट मधेच अडकलो. दाजींनी एक पाय धरला, साहेबांनी दुसरा, आणि मला बाहेर ओढलं. साहेबांना हसून हसून ठसका लागला. हसू ओसरल्यावर मात्र ते त्या मोरीकडं बराच वेळ बघत राहिले. पुढं नकाशा बदलला, मोरीच्या जागी भुयारी वाट आली.

रस्त्याकडेच्या जुन्या चिंचा काही वाचल्या नाहीत. त्यांच्यावर करवत चालली तेव्हा दाजी घरात पडून राहिले, कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्या चिंचांचं मलाही वाईट वाटतं, अजून वाटतं. रस्ता खुला झाल्यावर मी त्यांना गाडीत घालून धाराशिवला नेलं. ‘लई झ्याक पळतीय की!’ ते पोरासारखे म्हणाले, आणि मग ओशाळून, ‘पण सावली कुठाय?’

त्यानंतर त्यांचा एकच उद्योग. रोज संध्याकाळी भुयारातली माती खराट्यानं गुळगुळीत करायची, सकाळी मातीत उमटलेली खुरं बघायला जायचं आणि मला फोन करायचा. ‘आज शेळ्या.’ ‘आज दोन कुत्री.’ ‘आज माणूस. चालण्यावरनं प्यालेला दिसतोय.’ हरणाचं नाव नाही. गाव टिंगल करायचं. अक्का म्हणायची, ‘आधी दारातलं अंगण झाडा!’ दाजी ढिम्म. ‘नवी वाट हाय, बुजत्यात. माणसंबी बुजत्यात की.’ उन्हाळा तोंडावर आला आणि ते झोपेतच गेले...

परवा येडशीला गेलो तर अक्का घरात नव्हती. शेजारणीनं ओढ्याकडं बोट दाखवलं. अक्का भुयारात होती, हातात खराटा. एवढी थट्टा करणारी बाई आता स्वतः रोज तिथं झाडते, हे मला ठाऊकच नव्हतं. तिनं सगळी माती सारखी केली होती, फक्त भिंतीकडेचा एक पट्टा सोडून. तिथं शेळीपेक्षा निमुळत्या खुरांची एक रांग ओढ्याकडं गेली होती.

‘अक्का, ही...’

‘व्हय. म्या डोळ्यानं हरणं बघितली. आता रोज येत्यात,’ ती म्हणाली. ‘ही पहिली खुरं हायेत, म्हणून पुसली न्हायती.’ मग एकदम तिचा आवाज चढला, दाजी समोर उभे असल्यासारखा. ‘जरा दम धरायला काय झालं हुतं तुमाला? उभा जल्म नुसती घाई!’

मी तिच्या हातातला खराटा घ्यायला गेलो. तिनं दिला नाही.